रोजगारक्षमतेचा रकाना

सर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुमच्याच विभागात, तुमच्याच खोलीत बसून लिहिते आहे. दारावर रसायनशास्त्राची विभागप्रमुख म्हणून माझं नाव आहे आणि त्याच्या खाली दुसरी पाटी, 'रोजगारक्षमता समन्वयक'. हे काय प्रकरण आहे ते तुम्हालाच सांगते, कारण इथं कुणाला सांगायला गेलं तर त्याचाही अहवाल मागतील.

गेल्या वर्षी आम्हा प्राध्यापकांची कार्यशाळा झाली. पोरांना नोकरीलायक करणं आता रोजच्या शिकवण्यातच मुरवायचं, असा विषय. विषय वाईट नव्हता, शिकवायला आलेले वाईट होते. पुण्याहून एक गृहस्थ आले, आमच्या वाशी गावच्या उन्हात कोट घालून. त्यांनी आयुष्यात कुणाला नोकरीला लावलं असेल तर ते स्वतःला. पहिला तासभर आम्हा पन्नाशीच्या माणसांकडून त्यांनी कागदी कपांचे मनोरे रचून घेतले, म्हणे संघभावना. मग एक तक्ता वाटला. प्रत्येक धड्यासमोर रकाने: संवाद, नेतृत्व, समस्या सोडवणं. रकान्यात एक, दोन किंवा तीन लिहायचं, की झाला विद्यार्थी रोजगारक्षम. शेजारच्या इतिहासाच्या सरांनी सगळीकडे तीन-तीन ओढले आणि जेवायला उठले. मी टायट्रेशनच्या प्रयोगासमोर नेतृत्व 'दोन' लिहिलं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडताना कोण कुणाचं नेतृत्व करतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. समारोपात प्राचार्य म्हणाले, "आपला तक्ता सगळ्यांच्या आधी भरून झाला." टाळ्या पडल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण ढेकर मात्र सगळ्यांनी खरा दिला.

तुम्ही काही देवमाणूस नव्हता. चारचौघांत पाणउतारा करायची तुम्हाला हौस होती आणि कुणाच्या नोकरीसाठी तुम्ही कधी शब्द टाकल्याचं मला आठवत नाही. पण शनिवारची सकाळ आठवते. तुम्ही आम्हाला घेऊन गावाबाहेरच्या खव्याच्या भट्टीवर जाताय, आमच्या हातात स्टँड, ब्युरेट, बाटल्या. आंबलेलं दूध कढईत तापलं की फुटतं, म्हणून जाळ लागायच्या आत त्याचा आंबटपणा मोजून सांगायचं काम आमचं. दर्शकाचे दोन थेंब टाकलेल्या दुधात थेंबाथेंबानं अल्कली सोडायची आणि पहिला फिका गुलाबी रंग टिकला की तिथंच हात आवरायचा. एक थेंब जास्त पडला की आकडा खोटा. भट्टीवाले मामा हाळी देतात, "सर, तुमच्या पोरींना इचारा की, ह्ये दूध घेऊ का परत लावू?" तुम्ही माझ्याकडे बघता. मी सांगते, आणि मामा माझ्या शब्दावर अख्खी घागर परत लावतात. मला तेव्हा भीती वाटली होती आणि फार बरंही वाटलं होतं.

त्याच वर्षी मी एका प्रयोगाचे आकडे आधीच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले. सगळेच उतरवायचे, अजूनही उतरवतात. तुम्ही पान उघडून विचारलंत, "हे दूध कुणाच्या म्हशीचं?" आणि वर म्हणालात, "म्हैस न्हाय, दूध न्हाय, अन् आकडा मात्र हाय. लई हुशार झालीस." आठवडाभर रोज कॉलेज सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. मी तुम्हाला मनातून शिव्या घालत दूध मोजत राहिले.

तर आता आमचं ऐका. तक्ता भरला म्हणून पुरावा लागतो, म्हणून मी 'दूध व खवा तपासणी, तीस तासांचं प्रशिक्षण' विद्यार्थ्यांसाठी ठेवलं. झालं ते एका सकाळी. उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले, तोवर दूध नासलं, मग पाण्यात गुलाबी रंग टाकून फोटो काढला. फोटोत पुढं ब्युरेट धरून उभी होती ती ईट गावची, शेवटच्या वर्षाची एक पोर. घरी थोडी शेती, थोडी शेरडं. वडिलांनी सांगून टाकलेलं की दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर लग्न. माझ्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन ती एका डेअरीत मुलाखतीला गेली आणि तिथून थेट माझ्याकडे आली.

"मॅडम, त्यांनी सर्टिफिकेट बघितलंच न्हाय. दूध पुढं ठिवलं अन् म्हणले, करून दाखवा. सगळं लालभडक झालं. सोमवारी परत बोलावलंय. तवर मला शिकवा."

मी दूध आणवलं. कपाटातून ब्युरेट काढली. गेली कित्येक वर्षं मी असले कागदच भरते, प्रात्यक्षिकं प्रयोगशाळेतला मदतनीस उरकतो. पहिल्यांदा रंग गडद झाला. दुसऱ्यांदाही. तोटी गळकी आहे, असं मी तिला म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं. तुमच्या वेळीही ती गळायचीच. तिसऱ्यांदा मला तोटी वेळेत बंद करता आली नाही आणि ते तिनं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. ती हळूच म्हणाली, "राहू द्या मॅडम. म्या मोबाईलवर व्हिडिओ बघते." आणि ब्युरेट धुऊन जागेवर ठेवून ती गेली.

सोमवारी तिला जमलं नाही. सोनारी गावाकडच्या एका घरी आता तिची बोलणी चालली आहेत.

कपांचे मनोरे रचून घेणाऱ्या माणसाला मी वर्षभर हसले. तो निदान कुणाला दूध तपासायला शिकवतो असं म्हणाला नव्हता. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. ती पोर गेल्यावर मी तक्ता उघडला आणि त्या दिवसाची नोंद केली: वैयक्तिक मार्गदर्शन, विद्यार्थिनी एक, उद्दिष्ट साध्य, तीन. ती नोंद मी अजून खोडलेली नाही.