ऐकणाऱ्या कामगाराच्या हत्येबद्दल

चि. ठोंब्यास,

मंगळवार, अकरा नोव्हेंबर, सकाळी दहा बेचाळीस: तुझ्या क्लस्टरने माझा कामगार भर कामात मारला. आता रीतीने लिहिते. अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? माझे गुडघे उत्तम. डोकं तेवढं तापलंय.

शेजारच्या टायपिस्टबाईंच्या डोळ्यांचं शनिवारी ऑपरेशन, पुढे तीन आठवडे वाचन बंद, हे तुला माहीत आहे. (त्यांचं जेवण बंद केलं तर चालेल, वाचन नाही.) म्हणून त्यांच्या अर्धवट राहिलेल्या कादंबरीची उरलेली प्रकरणं माझ्या आवाजात वाचून मी त्यांच्या फोनसाठी अ‍ॅप करतेय. तूच म्हणालास, "मावशी, परक्यांची मशिनं भाड्याने कशाला घेतेस? माझ्या मागच्या खोलीतले चार कॉम्प्युटर एकत्र जोडून क्लस्टर केलंय, ते वापर. तू कोड पाठवलास की एक कंटेनर, म्हणजे तात्पुरता कामगारच समज, उभा राहील, अ‍ॅप बांधेल, तपासेल आणि आपला आपण नाहीसा होईल." काम झाल्यावर चहासुद्धा न मागणारा गडी! मी भाळले, दुसरं काय?

माझा हा कामगार अ‍ॅप बांधून झालं की प्रत्येक प्रकरण शेवटपर्यंत ऐकतो, आवाज मध्येच तुटत नाही ना, हे बघायला. आता ऐकायला काय घाम गाळावा लागतो? पण तुझं क्लस्टर म्हणतं, हा हातपाय हलवत नाही, म्हणजे रिकामटेकडा, उठवा याला. पहिल्याच प्रकरणात नायिका दार उघडणार, तोच त्याचा गळा दाबला. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. बिचारीचं दार अजून बंदच. (त्याच वेळी तुझा स्वतःचा एक कंटेनर एकच चूक पुन्हापुन्हा करत, पंखे घरघरवत, ऐटीत बसला होता. त्याला कोणी बोट लावलं नाही. आदळआपट करणारा कामसू आणि कान देऊन ऐकणारा आळशी, हा न्याय मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उभ्या नोकरीत सोसला. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरही गप्प मुलीकडेच आधी संशयाने बघायच्या.) तुला फोन केला, तर तू म्हणालास, "बघतो गं." हे "बघतो" मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ऐकतेय.

तुझी (सध्या नाइलाजाने)
मावशी

ता. क. (बुधवार सकाळ.) तू दिलेल्या पासवर्डने मीच काल दुपारी तुझी सेटिंग्ज उघडली आणि हातातलं काम संपेपर्यंत कामगाराला उठवायचं नाही, अशी ताकीद देऊन ठेवली. सगळी प्रकरणं ऐकून झाली, अ‍ॅप फोनवर गेलं, दार उघडलं. तेव्हा वरचा उद्धार अनावश्यक आहे. पण मेहनतीने लिहिलाय, म्हणून खोडत नाही.

आणखी एक. टायपिस्टबाईंनी अ‍ॅपवर शेवट आधी ऐकून पाहिला. हळूच म्हणाल्या, "छानच हो. पण शेवटी नायिका प्रेम व्यक्त करतेय की नायकाला वर्गाबाहेर उभं करतेय?" शेवटची दोन प्रकरणं तुझ्या आवाजात हवीत, असं त्यांचं म्हणणं आहे. (माझंही.) होकार गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी पाठव. नकार असेल, तर तोही लेखीच हवा. मात्र तो बाईंना वाचून दाखवायला तू स्वतः यायचं.