केकचा साचा आणि एक फोन

प्रिय लोरेनताई,

तुझा गुडघा कसा आहे? ओरेगनमध्ये माझं झकास चाललंय, काळजी नको. इथल्या वाचनालयात निवृत्त लोकांना खुर्चीत बसून कवायत शिकवतात. मी काय म्हातारा झालोय? मी आपला तिथून केकचे साचे घरी आणतो. पुस्तकांसारखे तेही काही दिवसांसाठी उसने मिळतात. माझी बेव्हर्ली आज असती तर माझे करपलेले केक बघून हसली असती.

पोरगी कामात असते, फोन वाजत नाही. वाचनालयात उशिराला दंड नाही, पण ग्रंथपाल बाई फोन करतात. म्हणून या वेळी साचा मुद्दाम ठेवून घेतला. मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी फोन वाजला.

"डुएनकाका, साचा राहू द्या हो. तुम्ही इतके दिवस का आला नाहीत, ते सांगा."

मी साचा पिशवीत घातला नि तसाच वाचनालयाकडे निघालो गं.

तुझा धाकटा,
डुएन