सांभाळणाऱ्यांची यादी

३ जुलै
नवी नोकरी, पहिला दिवस, आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! चष्म्याच्या काचा घासणारा छोटा कारखाना आहे. काम एकच: मशीन चालवणारा वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीवर चढवायचा. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. मशीनवरचे काका सीडी देताना म्हणाले, आधी तिघांनी करून पाहिलंय. म्हटलं, मग चौथी मी.

४ जुलै
कुठलीही जुनी गोष्ट आधी घरच्या लॅपटॉपवर चढवून बघायची, ही माझी शिस्त. लेक फुरंगटली, कारण तिची चित्रं त्यावरच, तिच्या नावाच्या खात्यात. प्रोग्रॅमला लागणाऱ्या जुन्या फायली शोधता शोधता नाकी नऊ आले. शेवटी नेहमीची खोड: चढवताना कॉम्प्युटर विचारेल त्या सगळ्या प्रश्नांना 'हो' असं आधीच सांगून ठेवलं आणि चहा टाकायला गेले. परत येते तर स्वारी चढलेली.

५ जुलै
कशाकशाला हो म्हटलंय ते आज वाचलं. एक प्रश्न असा: हा प्रोग्रॅम बेवारस आहे, तुम्ही सांभाळाल? खाली सांभाळणाऱ्यांची यादी. तीन नावं, प्रत्येकापुढे 'पासून' आणि 'पर्यंत'. सीडी वीस वर्षांची, तारखा मात्र गेल्या वर्षापर्यंतच्या. चौथं नाव माझं. पर्यंत: ७ जुलै, दुपारी बारा.
असेल कसली तरी मुदत.

६ जुलै
काकांना यादी दाखवली. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवलं. आधीचे तिघे हेच. 'पर्यंत'च्या तारखा त्यांना पाठ होत्या, तिघांनाही त्यांनीच खांदा दिला होता.
मला हसू येईना.

७ जुलै, सकाळी ११
प्रोग्रॅम काढला. परत आला. पुन्हा काढला — परत. मग यादीतलं माझं नाव खोडलं. तेवढं ऐकलं त्याने. सुटले बाई.

११.४०
उघडून पाहिलं. माझ्या जागी लॅपटॉपवरचं दुसरं खातं. माझी लेक. पर्यंत: आज, बारा.
शाळेत फोन केला. बाई म्हणाल्या, आत्ताच चक्कर आली म्हणून निजवलंय —

११.५२
तिचं खोडलं. जागा रिकामी राहत नाही. पुन्हा तीच येते. कुणाचं तरी नाव हवंच —
माझंच टाकलं.

११.५८
शाळेतून फोन. उठून बसली. डबा खातेय. डबा खातेय माझी बाय —
काका, ही वही तुम्हाला मिळाली तर लॅपटॉप कुणाला उघडू देऊ नका. आणि तिला सांगा, न वाचता कशालाही हो —