राहणीमान सुधारण्याचा महिना

३ मार्च
ठरलं. हा देश सोडायचा. परदेशातून साडूचा फोन आला होता. तिकडे म्हणे आपण रस्ता ओलांडायला उभे राहिलो की गाड्या थांबतात. इथे परवा मी थांबलेल्या गाडीला धडकलो. राहणीमान म्हणतात ते हेच. हिला तिकडे नेणार म्हणजे नेणार. किरकोळ बाब एवढीच, की तिकडे नर्स हव्या आहेत, दुकानातले हिशेबनीस नकोत. म्हणजे अर्ज हिने करायचा. पण कल्पना माझी.

४ मार्च
हिला सांगितलं. रात्रपाळी करून आली होती, वेळ जरा चुकली. म्हणाली, तिकडे धुणीभांडी, लादी, इस्त्री, गळका नळ, सगळं ज्याचं त्याने करायचं असतं. तुम्हाला चहाचं पातेलं कुठे असतं ते तरी ठाऊक आहे का? महिनाभर इथेच तिकडच्यासारखं राहून दाखवा, मग करते अर्ज. हातचा मळ! पातेलं ओट्याखाली असणार.

५ मार्च
कामाच्या मावशींना महिनाभर सुट्टी दिली. जाताना त्या हिला म्हणाल्या की आठवड्याने फोन करते.
पातेलं ओट्याखाली नव्हतं.

८ मार्च
तिकडची शिस्त अंगी बाणवतोय. पावाच्या दुकानात रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवलं. त्या अंतरात एक अख्खं कुटुंब शिरलं. मीच त्यांना सॉरी म्हणालो. पाव संपला. आपला समाज अजून तयार नाही.

१२ मार्च
सिंकवर वाकून वाकून मान धरली. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांना मान दाखवली तर म्हणाले, जावईबापू, राहणी सुधारली, आता मान तेवढी बाकी आहे. स्वतःचा विनोद त्यांना दिवसभर पुरतो. जेवताना पुन्हा सांगितला.

१५ मार्च, दुपार
तिकडे नळ स्वतः दुरुस्त करतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतला माणूस आधी मुख्य कॉक बंद करतो. तेवढा भाग मी पुढे ढकलला होता. खालच्या काकू वर आल्या त्या बादली घेऊनच. प्लंबरने विचारलं की याला हात कोणी लावला. म्हटलं, बांधकाम जुनं आहे. प्लंबर नियमात बसतो. तिकडेही आणीबाणी असतेच.

२१ मार्च
शर्ट गुपचूप इस्त्रीवाल्याकडे टाकले. हिने घडीवरून ओळखलं. नुसती हसली. जेवली आणि ताट तिथेच ठेवून खुर्चीतच झोपली. उठवायचं जिवावर आलं. ताट मीच घासलं. अर्ज करणार, शंकाच नाही.

५ एप्रिल
पास! ही म्हणाली, जमलं हो तुम्हाला. अर्ज गेला. साडूला कळवलं की आम्ही येतोय. दुकानात मालकांना स्पष्ट सांगितलं की या देशात माझ्यासारख्याला आता काही उरलेलं नाही. ते म्हणाले, बरं, पण आधी गोदामातला माल मोजून द्या.
मावशींनी दुसरं घर धरलंय. हरकत नाही, आपण कुठे इथे राहणार आहोत?

१९ जून
हिला नोकरी मिळाली. पण पहिलं वर्षभर एकटीनेच यायचं, हॉस्टेलवर राहायचं, असा तिकडचा नियम. असले कसले सुधारलेले लोक? मी म्हणालो, सरळ नाही म्हणून कळव. बाबांकडे कोण बघणार, घरातलं कोण करणार? ही माझ्याकडे बघायला लागली. सासरेही बघायला लागले. मी हातातल्या फडक्याकडे बघितलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती फडकं आलं.

२ ऑगस्ट
आपल्या देशाला नावं ठेवणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. हिला तसं सांगितलं. ही बॅग भरत होती. म्हणाली, जरा बॅगेवर बसा, चेन लागत नाहीये.
बसलो. लागली.

२० ऑगस्ट
हिचा फोन. पहिल्यांदाच निवांत बोलली. तिकडे जेवण तयार मिळतं, भांडी मशीन घासतं, सुट्टीच्या दिवशी ही दहापर्यंत झोपते. रस्ते कसे आहेत विचारलं. छान, म्हणाली. हवा? छान. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, करमतं का?
म्हणाली, हो.
मला वाटलं होतं, नाही म्हणेल.
सासऱ्यांचं जेवण व्हायचंय अजून.