सात कप

लातूर, रविवार, संध्याकाळ

ताईला बघायला भोकरचे पाहुणे येऊन गेले. ट्रेमध्ये कप मीच मांडले होते. सातही कपांचे कान उजवीकडे. तसं नसलं की मला चैनच पडत नाही.

पंधराव्या वर्षी डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तेव्हापासून पाहुणे आले की आई मला मागच्या खोलीत बसवते. आता मी वीस वर्षांची आहे. आजही म्हणाली, "गोंधळात तुलाच त्रास होतो, बाई." होतो, खरं आहे. पण मला विचारलं का कुणी?

दाराआडून सगळं ऐकू येत होतं. मुलाचे मामा म्हणाले, "कप बघा कसे मांडलेत! पोरगी लई टापटिपीची हाय."

"हाव," आई म्हणाली, "सगळं तीच बघते. एकुलती एक लेक आमची."

एकुलती एक. मी खोलीत बसून ते तीनदा म्हणून बघितलं.

ताई तिथेच होती.

आत्ता ती माझा चहा ठेवून गेली. जाताना कपाचा कान उजवीकडे फिरवला. म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. मग तेव्हा गप्प का बसली?