परत आलेली टेप आणि मुका कॉम्प्युटर

३ ऑक्टोबर

ऋतुजा, दसऱ्याला आलीस आणि चार्जर, ओढणी, डब्याचं झाकण असं सगळं इथं विसरून सांगलीला गेलीस. वही मात्र आठवणीनं ठेवलीस. "आजी, कॉम्प्युटरला रोज काय केलं, काय झालं, तेवढं लिहून ठेव. बिघाड कुठं आहे ते मला कळेल." असं तूच म्हणालीस, हे तरी आठवतंय का? मी सांगते, तुझी आई मंगल लिहिते. चुका सगळ्या तिच्या.

आज कॉ. सुरू केला. तुझं लिनक्स आलं, चित्र आलं, आवाज नाही. टेपरेकॉर्डर वायरनं जोडून आरतीची कॅसेट लावली. काही नाही. आवाजाच्या ठिकाणी 'डमी आउटपुट' लिहून येतंय. मी विचारलं, डमी म्हणजे काय गं? मंगल म्हणाली, नावाला असलेलं. म्हणलं, असे दोन-तीन आपल्या भावकीत पण आहेत. हे लिहायला मंगल का-कू करत होती. लिहिलं शेवटी.

५ ऑक्टोबर

आवाज नाही. वायर काढून परत लावली. नाही.

आज मंगलला म्हणलं, खरं काय ते लिही. तुला वाटतंय आजीला जुन्या टेपा जपायच्यात. तसं नाही. टेप एकच आहे.

तुझे आबा फौजेत, पठाणकोटला होते, तुझा बाप तिसरीत. मला लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याकडनं पत्र लिहून घ्यायचं म्हणजे घरातली गोष्ट आधी गल्लीत जाणार, मग पठाणकोटात. म्हणून आम्ही एकमेकांना टेपा पाठवायचो. एका टेपेत मी विचारलं होतं, बाकीच्यांच्या बायका तिथं सरकारी कॉटरवर राहतात, मला नेता का? यांची पलटण त्याच महिन्यात हलली. टेप शिक्के खाऊन परत आली. मी ट्रंकेत टाकली. पुन्हा विचारलं नाही. का नाही, ते तू विचारू नकोस.

परवा सोप्यात पाहुणे होते. आबा त्यांना सांगतात, "हिला कवा गाव सोडवलंच न्हाई. न्हाईतर पठाणकोट दाखवलं असतं." मी चहा दिला.

तोफखान्यातला माणूस. उजवा कान गेला, डावा जायच्या वाटेवर. सांगलीचा डॉक्टर म्हणाला, अजून उतरणार. मंगल म्हणते, मग तोंडानंच सांगा की. तोंडानं सांगितलं तर म्हणतील, आत्ता रचून सांगतीस. टेपेत मी सत्तावीस वर्षांची आहे. तिला खोटं म्हणून दाखवा.

टेप तुटली होती. आष्ट्याच्या रेडिओवाल्यानं सांधून दिली आणि म्हणाला, "मावशी, एकदा फिरंल. दुसऱ्यांदाचं सांगत न्हाई." म्हणून वायर, म्हणून कॉ., त्या एका फिरण्यातच भरून घ्यायला. फोन जवळ धरून एक दुसरी टेप भरून बघितली होती. आबांना त्यात कोंबडी ऐकू आली, मी नाही.

वही तांदळाच्या डब्यात ठेवतो. आबांना वाचता येतं.

६ ऑक्टोबर

ऋ. चा फोन. तासभर. म्हणाली, आवाजाचं कार्ड जागेवर आहे, पण त्याच्याशी बोलणारा जो ड्रायव्हर, तो रुसलाय. खंडेनवमीला सकाळी तिनंच अपडेट टाकलं, त्यात लिनक्सचा गाभा बदलला, तेव्हापासून. म्हणजे बिघाड करून गेलीस तू, आणि वही लिहायची आम्ही.

मग काळ्या पडद्यावर एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावलं. पासवर्ड मागितला. मंगल बोटं चालवते आणि पडद्यावर काही उमटत नाही. "आत्या, कीबोर्ड पण गेला," ती मला. ऋ. तिकडनं, "आई, तो दिसत नसतोच गं, तू टाक." मी मंगलला म्हणलं, मला जन्मभर अक्षरांत काही दिसलं नाही, तरी संसार केला. तुझं एका शब्दावर अडलं?

इतकं करून, नाही.

८ ऑक्टोबर

ऋ. नं सांगितलं, बंद करून चालू कर, सुरू होताना यादी येईल, त्यातला जुना गाभा निवड. मंगलचं बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. 'डमी' गेलं! कार्डाचं नाव आलं. मंगलनं टाळी वाजवली.

आवाज नाही.

भरायला लावलं की पडद्यावरची रेघ वरखाली होते, म्हणजे आत जातंय काहीतरी. बाहेर येत नाही. ऐकू आल्याशिवाय मी ती टेप लावू देणार नाही, हे सांगून ठेवलं. आता 'हेडफोन' असं लिहून येतंय. हेडफोन तर खुंटीला. ऋ. म्हणते ड्रायव्हर काढून परत टाकू. काढला. टाकला. तेच.

आबा दारात. "काय चाललंय चार दिस?"
"आरती भरून घ्यायचीय," मी.
"कुठली?"
"आरती!"
"व्हय व्हय. वरडू नगं."

९ ऑक्टोबर

मंगल माहेरी म्हसवडला. काही केलं नाही. (हे मंगलनं दुसऱ्या दिवशी लिहिलं.)

१० ऑक्टोबर

आज आबांनी चष्मा लावला आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "वायरलेस सेट बंद पडला की आमी आधी खोलून पुसायचो. मग वरच्याला शिव्या द्यायच्या. तुमी उलटं करताय." वायर काढायला लावली. टॉर्च घेऊन पुढच्या बाजूच्या भोकात बघितलं. हेडफोन लावायचं भोक.

"सूनबाई, ह्यात काय घातलंय?"

तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

आपल्याकडं खंडेनवमीला आबांचे बिल्ले, कोयता, ट्रॅक्टरची चावी पूजतात. यंदा मंगलनं कॉ. पण पूजला. हळदकुंकू, झेंडू, वर मूठभर अक्षता. त्यातली एक थेट कानात. यंत्राला वाटतंय हेडफोन लावलाय, म्हणून स्पीकरचे डबे मुके. मंगल लाल झाली. मी तिला काही म्हणाले नाही. (म्हणाल्या. बरंच. – मं.)

आबांनी सुईनं दाणा काढला, तळहातावर धरला. "ह्येच्या कानातलं निघालं. आमचं कवा निघायचं?"

आरती लावली. खणखणीत. शेजारीण हात जोडून बाहेर आली.

ऋ. ला फोन. आधी हसली, मग म्हणाली, तरी नवीन गाभ्यावर जाऊ नका, तिथं ड्रायव्हरचं भांडण आहेच. बरं.

११ ऑक्टोबर

सगळं जुळलंय. मंगल म्हणाली, लावू? मी म्हणलं, आज हरभऱ्याची डाळ निवडायचीय.

डाळ अर्धा किलो होती.

१२ ऑक्टोबर

लावली.

आबांना बसवलं, हेडफोन घातले, आवाज वर केला. ते म्हणाले, "आरतीला एवढं?" मी म्हणलं, ऐका तर. हेडफोनमुळं मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी रेघ बघत होते आणि ते भिंत. टेपेत पहिल्यांदा म्हशीचं सांगितलंय, मग तुझ्या बापाच्या खोकल्याचं, 'मला नेता का' ते शेवटी. आबांचा अंगठा मांडीवर ठोके देत होता. मग थांबला. मला कळलं, कुठं आलं ते.

शेवटी रीळ गुंडाळली आणि सांध्यात तुटली. मंगलनं बघितलं, सगळं भरलंय.

हेडफोन काढले. "आवाज बरा आलाय," म्हणाले. टोपी घातली, उसाचं पाणी बघायला गेले. पाण्याची पाळी आज आपली नव्हती.

१३ ऑक्टोबर

मी देवळात गेले तेव्हा आबांनी मंगलकडनं परत लावून घेतलं. तेवढाच तुकडा, तीनदा. मंगल म्हणते, तिसऱ्या वेळी विचारलं, "ह्ये परत आलं कवा?" ती म्हणाली, मला काय माहीत, मी तेव्हा बालवाडीत.

१४ ऑक्टोबर

नोंद नाही. कॉ. ठीक.

१५ ऑक्टोबर

जेवताना. भाकरी मोडता मोडता.

"पोरीला इचार, पठाणकोटची रिझर्वेशनं मिळत्यात का."

मी म्हणलं, "आवं, आता तिथं कॉटर कुणाच्या नावावर हाय?"

"कॉटर न्हाई. टेशन तर असंल." मग ताटाकडं बघून, "तवा सांगायचं व्हतंस गं परत."

"तुमी इचारायचं व्हतं."

त्यावर आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, येतीस का न्हाई त्ये सांग. मी म्हणलं, विचार करून सांगते. डावा कान पुढं करून बसून राहिले. मंगल उठून आत गेली, हसायला का रडायला ते तिलाच विचार.

ऋतुजा, मी अजून हो म्हटलेलं नाही. सांगितल्याशिवाय तिकिटं काढू नकोस. कॉ. ला नवीन अपडेट टाकू नकोस. आणि भडंग पाठव, दोन किलो. लसूण भरपूर, तिखट आबांच्या पोटाला झेपेल इतपत, आणि कडक भाजलेलं घे, लांबच्या गाडीत दोन दिवस मऊ पडणार नाही असं.