‘लव्ह’ म्हणजे ‘कळावे’

प्रिय टाचणी,

तू पाठवलेलं मलम लावते आहे, गुडघ्याची सूज पुष्कळ उतरली. तुझ्या शिवणवर्गातल्या मुली या वर्षी जरा बऱ्या निघाल्या हे वाचून हायसं वाटलं. काजं शिकवायला तुझ्यासारखी दुसरी मिळणार नाही हे त्यांना कळलं म्हणायचं. आता मी जे सांगते ते बसून वाच, आणि मध्येच फाडू नकोस.

तू कपड्यांच्या कारखान्यात होतीस, तिथे काजं करायची नवी यंत्रं आली आणि ती बसवायला परदेशातून तो आला, तेव्हापासून सांगते. सगळे त्याला मशीनवाला म्हणायचे. तुला इंग्रजीचा गंध नव्हता, त्याला आपल्या भाषेचा. तरी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही जिन्यावर बसून नुसत्या हातवाऱ्यांवर अर्धा अर्धा तास हसायचात. घरी येऊन तू त्याची नक्कल करायचीस आणि आई अंथरुणातल्या अंथरुणात खुदखुदायची. आठ महिन्यांनी तो गेला. महिन्याभरात त्याचं पत्र आलं. तू ते न फोडता माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “ताई, वाच ना. एकही शब्द गाळू नकोस हं.”

पहिल्या चार पत्रांत मी एकही शब्द गाळला नाही. एवढं तरी माझ्या पदरात टाक. त्याने ‘माय डार्लिंग’ लिहिलं होतं. मी सांगितलं, तिकडे दुकानातली बाईसुद्धा गिऱ्हाइकाला डार्लिंग म्हणते. म्हणतेच. पत्राखाली लव्ह होतं. “लव्ह म्हणजे प्रेमच ना गं?” तू विचारलंस. मी म्हटलं, अगं, तिकडे मावशीला लिहिलेल्या पत्राखालीही लव्ह असतं. आपलं ‘कळावे, लोभ असावा’ असतं ना, तसं ते. “असं होय,” म्हणालीस आणि भांडी घासायला उठलीस. तिसऱ्या पत्रात तो म्हणाला, आय चेरिश यू. मी अर्थ सांगितला, जपणे. लोक जुने फोटो जपतात, तशी तुझी आठवण जपतोय. त्या दिवशी तू जेवली नाहीस. खोटं मी काहीच बोलले नव्हते. प्रत्येक शब्दाला दोन-तीन अर्थ असतात, त्यातला सगळ्यात स्वस्त तेवढा मी तुला देत गेले.

उत्तरं तू सांगायचीस, मी लिहायचे. “माझा जीव तुझ्यात अडकलाय,” असं तू आईला ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटलीस. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तुझ्या. मी लिहिलं, आय अॅम फॉन्ड ऑफ यू. माणूस मांजराचा फॉन्ड असतो, उन्हात बसायचा फॉन्ड असतो. त्या शब्दात माया आहे, पण त्याच्यापायी कुणी घरदार सोडत नाही. खाली ‘काइंड रिगार्ड्स’, जे मी कचेरीत दिवसाला चाळीस पत्रांखाली टाइप करायचे. पाचव्या पत्रात त्याने सरळ विचारलं, फॉन्ड की लव्ह? एकच शब्द कळव, मी तिकीट पाठवतो. तिकिटाचं वाक्य तेवढं मी गाळलं. तो तुझ्या मनातलं विचारतोय, म्हटलं. तू वैतागून म्हणालीस, “आता आणखी काय सांगू? आधी लिहिलंय तेच लिही!” मी तेच लिहिलं. पुढे पत्र आलं नाही.

माझाच त्याच्यावर डोळा होता असं तुला वाटेल. छे! मला भीती आईच्या खोलीची होती. तू गेली असतीस तर तिची कूस बदलायला, भांडं द्यायला, जखमा पुसायला मी एकटी. बाबांच्या मागे माझं लग्न राहिलं ते राहिलंच, आणि तू मात्र विमानात बसणार! आई गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. पण तोवर दोन स्थळं नाकारून तू मला म्हणालीस, “तू आहेस ना ताई, मग मला कोण हवंय?” ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं.

सोमवारी दुपारी दार वाजलं. तो होता. केस पांढरे, हातात टोपी. बायको वगैरे नाही. आपली भाषा शिकून आलाय गं, मोडकीतोडकी, पण शिकून. दारातूनच म्हणाला, “ती आहे?” मी म्हटलं, “ती गेली.” ‘गेली’चा अर्थ कुठला घ्यायचा ते मी त्याच्यावर सोडलं. तो खुर्ची न विचारता बसला. “कधी?” म्हणाला. “अकरा वर्षं झाली.” शिवणवर्गासाठी तू त्या गावाला गेलीस त्याला अकराच झाली ना? “त्रास झाला तिला?” “नाही. शांतपणे गेली.” तो टोपीची कड चाचपू लागला. मग विचारलं, माझी पत्रं तिला पोचत होती का. मी म्हटलं, प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि माझे आभार मानले.

तेव्हापासून घास उतरत नाही, म्हणून लिहिते. तो स्टेशनसमोरच्या लॉजवर उतरलाय, शनिवारी सकाळच्या गाडीने जाणार आहे. पत्ता ठेवून गेला नाही, कुणासाठी ठेवेल? आज गुरुवार. कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल चारला काढतात. त्याआधी टाकलं तर तुला उद्या मिळेल, नंतर टाकलं तर शनिवारी दुपारी. तुमच्या वर्गाच्या कचेरीत फोन आहे, त्याचा नंबरही मला ठाऊक आहे. आत्ता साडेतीन वाजलेत. मी थोडी पडणार आहे, मग चहा घेईन, आणि पाचला पेटीकडे जाईन. सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि तू गेलेली मला चालणार नाही. या वयात मला कोण बघणार?

रविवारी ये. उशीर करू नकोस.

तुझीच,
ताई